सात नंबरचा बारावा राउंड

कार्गोवाल्याने रिकामी खोकी दारात टाकली आणि जाता जाता म्हणाला, "अंकल, पॅक करके गिनके रखना. बाद में झगडा नहीं मांगता."

मोजून ठेवा! हे वासुदेव ताम्हनकरांना सांगायचं? ज्या माणसाने शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात अठ्ठावीस वर्षं मोटारींच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळलं, वर्षअखेरीच्या मोजणीत साधा वॉशर इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याला? ताम्हनकरांनी दार लावून घेतलं आणि मग त्या माणसाला मनातल्या मनात चार शब्द सुनावले. समोरासमोर बोलण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता. तो असता तर ही गोष्ट पस्तीस वर्षांपूर्वीच संपली असती.

२००९चा फेब्रुवारी होता. मंदी आली तशी लोकांनी गाड्या घेणं बंद केलं, आणि गाड्याच नकोत म्हटल्यावर त्यांचे ब्रेकपॅड नि गॅस्केटं कोणाला हवीत? कंपनीने जानेवारीत अर्धं गोदाम बंद केलं. त्या अर्ध्यात ताम्हनकर होते. व्हिसा रद्द झाला आणि देश सोडायला तीस दिवस मिळाले. त्यातले चौदा उरले होते. बायको मनोरमा डिसेंबरातच पुण्याला गेली होती. फ्लॅटला रंग द्यायचा आहे असं कारण तिने दिलं होतं, पण खरं म्हणजे शेजारची दोन्ही घरं रिकामी झाल्यापासून तिला त्या मजल्यावर राहवेना. मुलगा नीरव इथेच लहानाचा मोठा झाला आणि नोकरीसाठी टोरांटोला गेला. राहिले ताम्हनकर, एक गादी, एक इलेक्ट्रिक किटली आणि जुन्या सामानाच्या बाजारातही कोणी घेईना असा सोफा. दिवसभरात त्यांच्या तोंडून जेमतेम दहा-बारा शब्द निघत, आणि त्यातले निम्मे किराणावाल्यापाशी.

अशात पुण्याहून सुजीतचा फोन आला, तेव्हा तो कोण, कशासाठी बोलतोय, हे कळायच्या आधीच ताम्हनकर खूश झाले होते.

सुजीत हा पंचविशीतला इंजिनिअर. त्याला जुन्या मोटार शर्यतींचं वेड. फॅक्टरीतून निघालेली साधी फियाट नाहीतर अँबेसेडर घ्यायची, मागची सीट काढायची, सायलेन्सर उडवायचा आणि मद्रासजवळच्या, महायुद्धाच्या काळातल्या विमानांच्या धावपट्टीवर पळवायची, असा तो जमाना. ते ड्रायव्हर आता एकेक करून चालले होते. त्यांची नावं कुठेतरी राहावीत म्हणून सुजीत एक वेबसाइट तयार करत होता.

"काका, प्रत्येक जण तुमचंच नाव घेतो," सुजीत म्हणाला. "म्हणतात, राउंड मोजावेत ते वासुदेवने. त्याची पेन्सिल कधी चुकली नाही. मी तुमच्यावर एक पूर्ण पान ठेवलंय. टायटलच ते दिलंय, 'न चुकणारी पेन्सिल'."

ताम्हनकर सोफ्यावर बसले. गेल्या महिन्यात कंपनीच्या एचआरमधल्या मुलीने त्यांना 'डिअर एम्प्लॉयी' असं संबोधून पत्र दिलं होतं. अठ्ठावीस वर्षांनंतर तिला नाव घालायलाही जमलं नव्हतं. आणि इथे एक अनोळखी मुलगा त्यांच्या नावाचं पान करून बसला होता.

मग काय, ते सुटलेच. तासभर बोलले. कोल्हापूरचा दगडू, जो गाडीची मागची सीट काढून मंडपात ठेवायचा आणि त्याची आई त्या सीटवर ऐसपैस बसून शेंगा सोलत शर्यत बघायची. संध्याकाळी सीट परत गाडीत, आई सीटवर, आणि त्याच गाडीतून सगळं कुटुंब कोल्हापूरला. पुण्याची सुनेत्रा, जिची वेणी हेल्मेटात मावेना म्हणून ती शर्यतीच्या आदल्या दिवशी केस कापून आली आणि नवरा आठवडाभर बोलला नाही. मुंबईचा नौशेर, जो इस्त्रीची पांढरी पँट घालून गाडीत बसायचा आणि उतरताना तिला एक डाग नसायचा. कुणाची गाडी कितव्या वळणाला डाव्या अंगाला झुकायची हेसुद्धा ताम्हनकरांना तोंडपाठ होतं. त्या सगळ्यांत ते स्वतः कुठेच नव्हते. ते लाकडी मचाणावर पांढरी टोपी घालून पाटी मांडीवर घेऊन बसलेले असायचे, आणि मचाणाकडे कोणी बघत नसे.

"आणि काका, याकूब उन्नीस!" सुजीत हसत म्हणाला. "ते तर तुमच्याकडेच असतात, रास अल खैमाला. गॅरेज आहे. मी तीनदा फोन केला. 'मला काही आठवत नाही' म्हणतात आणि ठेवून देतात. तो किस्सा मी टाकणार आहे. एक राउंड बाकी असताना जिंकलो म्हणून हात वर करणारा ड्रायव्हर! एकदम हिट जाईल. फक्त एक फोटो हवाय. तुम्ही जाल का, प्लीज? येत्या रविवारी साइट सुरू करतोय."

ताम्हनकर "बघतो" म्हणाले. मघाचा आनंद जागच्या जागी गोठला होता.

कारण याकूबने त्या दिवशी हात चुकून वर केला नव्हता.

आता हे नीट सांगायला हवं. १९७४चा फेब्रुवारी. ताम्हनकर तेव्हा बावीस वर्षांचे, पुण्यातल्या एका गॅरेजात पार्ट्सच्या काउंटरवर. मालकाला शर्यतींचा नाद, त्याच्याबरोबर तेही मद्रासला जायचे. मोजायला पोरगं पक्कं आहे हे कोणाच्या तरी लक्षात आलं आणि त्यांना मचाणावर बसवलं गेलं. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. प्रत्येक गाडीचा एक कागद. गाडी समोरून गेली की तिच्या कागदावर पुढच्या राउंडसमोर घड्याळातली वेळ लिहायची. ज्याच्या कागदावर आधी वीस भरतील त्याला चौकटीचा झेंडा. पाटीला दोऱ्याने दोन पेन्सिली बांधलेल्या असायच्या, एकीचं टोक मोडलं तर दुसरी. त्या दिवशी दुसरी पेन्सिल लाउडस्पीकरवर बोलणाऱ्या गृहस्थांनी मागून नेली होती.

बाराव्या राउंडला टोक मोडलं. खिशातलं ब्लेड काढून त्यांनी दोनदा तासलं आणि मान वर केली. तेवढ्यात सात नंबरची निळी फियाट निघून गेली होती. ती गेली हे त्यांना कळलंच नाही. पुढच्या वेळी ती आली तेव्हा त्यांनी बाराव्या रकान्यात वेळ लिहिली. पुढचं सगळं त्या एका घराने मागे राहिलं.

सात नंबर म्हणजे याकूब. कोकणातल्या राजापूरकडचा, मुंबईत मेकॅनिक होता. स्वतः बांधलेली गाडी, पाठीशी कोणी शेठ नाही. राउंड मोजायची त्याची आपली रीत होती. स्टीअरिंगच्या दांड्यावर वीस रबरबँड चढवायचे आणि दर राउंडला एक काढून खिडकीबाहेर टाकायचा. त्या दिवशी शेवटचा रबरबँड टाकून तो सगळ्यांच्या पुढे रेषेवरून गेला. त्याने हात वर केला, वेग कमी केला. झेंडा पडलाच नाही. ताम्हनकरांच्या कागदावर सातच्या नावाने एकोणीस होते. मागून वीस सेकंदांनी नौशेर आला, त्याचे वीस भरले आणि झेंडा पडला.

लाउडस्पीकरवाले गृहस्थ म्हणाले, "सात नंबर, हात खाली घ्या, अजून एक राउंड बाकी आहे. गाडी पक्की, गणित कच्चं!" पाच हजार माणसं हसली. तक्रार करायला अर्धा तास असतो. याकूब मुठीत काहीच नसलेला हात घेऊन शर्यतीच्या मुख्य साहेबांसमोर उभा राहिला, कारण त्याचा पुरावा धावपट्टीवर सांडला होता. साहेब म्हणाले, "वासुदेवचा कागद आहे. तो मुलगा चुकत नाही." त्या दिवसापासून त्याचं नाव याकूब उन्नीस पडलं. पुढच्या वर्षी तो आला नाही, आणि त्याच्या पुढच्याही.

संध्याकाळी लॉजवर पक्की प्रत काढताना ताम्हनकरांनी सात नंबरच्या वेळा एकमेकींतून वजा करून उत्तरं बाजूला लिहिली. दोन मिनिटं पन्नास, दोन एकावन्न, दोन पन्नास. आणि बारावा राउंड पाच मिनिटं एक्केचाळीस. गाडी कुठे थांबली नव्हती. एका राउंडला कोणी पावणेसहा मिनिटं लावत नाही, चालत गेला तरच. त्यांची पाचावर धारण बसली. खाली अंगणात नौशेरच्या नावाने गाणी चालली होती, कप मांडवातून फिरत होता. साहेबांकडे जाऊन सांगायचं म्हणून ते दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. पक्क्या प्रतीत त्यांनी फक्त शेवटचे आकडे लिहिले. कच्चा कागद घडी करून पेटीत टाकला. पुढे पुणे सुटलं, शारजा आली, लग्न, नीरव, सगळं झालं, पण तो कागद त्यांनी कधी फाडला नाही आणि कधी कोणाला दाखवला नाही. मनोरमालाही नाही.

सुजीतच्या फोननंतर दोन दिवस ते खोकी भरत राहिले. भांडी, पुस्तकं, नीरवच्या शाळेच्या ट्रॉफ्या. तिसऱ्या दिवशी नीरवचा फोन आला तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "समजा फार वर्षांपूर्वी आपल्या हातून कुणाचं नुकसान झालं असेल, तर आता सांगण्यात काही अर्थ आहे का रे?"

"बाबा, आर यू ओके?" नीरव म्हणाला. "इज धिस अबाउट द जॉब?"

"नाही रे. एक शर्यत होती. लॅप मोजताना..."

"ओह. बाबा, नोबडी केअर्स अबाउट दॅट नाऊ. प्लीज जस्ट फिनिश द पॅकिंग."

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याला बापाच्या तोंडून एवढ्या वर्षांत गोदामाखेरीज काही ऐकायलाच मिळालं नव्हतं. ताम्हनकरांनी फोन ठेवला आणि पेटी उघडली. सांगितलं नाही तर रविवारपासून याकूबची फजिती जगभर, कायमची. सांगितलं तर न चुकणारी पेन्सिल गेली. नोकरी गेली, घर चाललं, आता एवढंच एक पान त्यांच्या नावावर होतं, आणि तेही अजून कोणी वाचलं नव्हतं. त्यांना ते पान हवं होतं. अगदी लहान मुलासारखं हवं होतं, त्याची त्यांना लाजही वाटत होती.

शनिवारी सकाळी ते रास अल खैमाच्या शेअर टॅक्सीत बसले. ड्रायव्हरने पंचवीस दिरहम सांगितले. "म्हणजे साडेतीनशे रुपये!" ताम्हनकर सवयीने मोठ्याने म्हणाले, पण ऐकायला मनोरमा शेजारी नव्हती. रस्त्याच्या कडेला न बांधलेल्या व्हिलांच्या मोठमोठ्या जाहिराती उभ्या होत्या, त्यांवरची हसरी कुटुंबं उन्हाने फिकी पडली होती. कागद त्यांच्या शर्टाच्या खिशात होता आणि ते दर दहा मिनिटांनी तो चाचपून बघत होते.

याकूबचं गॅरेज सिमेंटच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. एरवी तिथे ट्रकांची रांग लागायची म्हणे. आज फक्त एक पांढरी पिकअप जॅकवर होती. पासष्टीचा, रुंद खांद्यांचा एक माणूस तिच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसला होता. सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई लसूण सोलत होती.

माणसाने चाक बसवलं, नट आवळले, आणि मान न वळवता विचारलं, "किती?"

बाई लसूण खाली ठेवून उठली, चाकाजवळ आली, वाकून एकेका नटाला बोट लावलं. "पाच."

"नक्की?"

"पाच, याकूब."

मग तो पुढच्या चाकाकडे सरकला. तिथेही तेच. चाकाला पाच नट असतात हे काय मोजायचं असतं? जो माणूस डोळे मिटून फियाटचं इंजिन उतरवायचा तो पाच नट मोजायला दुसऱ्याला बोलावत होता. ताम्हनकर दारातच थांबले. काय बघतोय ते त्यांना पुरतं कळलं होतं.

"याकूबभाई, मी ताम्हनकर. मद्रासला... मचाणावर असायचो."

याकूब उठला. पुसत असलेले हात तसेच राहिले. ताम्हनकरांना वाटलं, आता हा मला हाकलणार. तर तो पुढे आला आणि ग्रीसचे हात तसेच ठेवून त्याने त्यांना कवेत घेतलं.

"सफेद टोपीवाले! अरे साहेब, या या! जहांआरा, देख कौन आये! मी सांगत असतो ना तुला, ते."

जहांआराने खुर्ची पुढे केली, थर्मासातून बिनदुधाचा सुलेमानी चहा ओतला. याकूब त्यांच्यासमोर टायरवर बसला. कोकणी आवाजात हिंदी मिसळत तो बोलत होता, आणि फोनवर ज्याला काहीच आठवत नव्हतं त्याला सगळं आठवत होतं. दगडूची आई, सुनेत्राचे केस, नौशेरची पँट. "तो पुण्याचा पोरगा फोन करतो. त्याला उन्नीसचा किस्सा पायजे. मी बोलतो, खलास, मला याद नाय. तुम्हाला मात्र मी विसरलो नाय, साहेब."

"मला? माझं काय लक्षात ठेवायचं?" ताम्हनकरांनी विचारलं. आतून त्यांना ऐकायचं होतं. पस्तीस वर्षांत त्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं.

"त्या दिवशी सगळे हसले," याकूब म्हणाला. "पाच हजार मानूस. माझा स्वतःचा मेकॅनिक हसला. मी वरती मचाणाकडे बघितलं. तुम्ही एकटे नाय हसले. खाली मान घालून बसला होता. मी घरी येऊन हिला बोललो, एक शरीफ मानूस होता तिथे."

त्या क्षणी ताम्हनकरांनी मान खाली घातली होती ती मागून येणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहायला. आणि या माणसाने ती मान पस्तीस वर्षं जपून ठेवली होती. साऱ्या जगात आपली कोणाला तरी चांगली आठवण आहे, ती इथे, या टायरवर बसलेली आहे, आणि आपण ती मोडायला आलो आहोत. फोटो काढावा, चहा संपवावा आणि निघावं, हे त्यांच्या मनात आलं. अगदी स्पष्ट आलं. मोबाइल त्यांनी खिशातून काढलाही.

तेवढ्यात जहांआरा हसत म्हणाली, "भाईजान, गलती माझीच म्हणतात हे. रबरबँड मी चढवले होते ना, आदल्या दिवशी. लग्नाला तीन महिने झालेले. हे म्हणतात, तू उन्नीसच चढवलेस."

"चढवलेच असणार," याकूब म्हणाला. त्यात राग नव्हता. फार जुनी, झिजून गुळगुळीत झालेली गोष्ट सांगावी तसा तो बोलला. "नायतर मी वीस कसे समजलो? त्याच्यानंतर मी काय पण मोजलं की हिला विचारतो, ही मोजते तर मी विचारतो. दोघं मिळून एक मानूस होतो." तो हसला. ती हसली नाही.

ताम्हनकरांनी मोबाइल आत ठेवला आणि कागद बाहेर काढला.

"याकूबभाई, तुमचा कागद आहे हा. त्या दिवसाचा. माझ्या हातचा. प्रत्येक राउंडला किती वेळ लागला ते बाजूला लिहिलंय. भाभी, तुम्ही वाचा."

जहांआराने चष्मा लावला. कागद घड्यांवर फाटायला आला होता. ती बोट ठेवून वाचू लागली. "दोन पन्नास. दोन बावन्न. दोन पन्नास..." याकूब मान हलवत ऐकत होता, जणू गाडी आत्ताच त्याच्या पायाखालून चालली होती. "अकरावा, दोन एक्कावन्न. बारावा... पाच एक्केचाळीस."

याकूबची मान थांबली.

"मी थांबलो नव्हतो," तो म्हणाला.

"नव्हता. माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं. मी तासत होतो. तुम्ही समोरून गेलात ते मी पाहिलंच नाही." ताम्हनकरांनी कागदावरच्या बाराव्या घराला बोट लावलं. "तुमचे वीस झाले होते. पहिले तुम्हीच होता. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं, याकूबभाई. मी बोललो नाही. घाबरलो."

पिकअपखालच्या ट्रेमध्ये ऑइल ठिबकत होतं. याकूबने ताम्हनकरांकडे पाहिलं, आणि त्या नजरेतून तो शरीफ माणूस निघून गेलेला ताम्हनकरांनी डोळ्यांनी पाहिला. शिवी आली असती तर बरं झालं असतं. याकूबने त्यांना काही विचारलं नाही. तो हळूहळू बायकोकडे वळला.

जहांआराने चष्मा काढला होता. "वीस होते," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हटलं होतं. मी दोनदा मोजले होते. किती वेळा सांगितलं तुला."

"हां," याकूब म्हणाला.

"पस्तीस साल, याकूब."

"हां."

ती रडत होती. याकूबने हात पुढे केला, मग ग्रीस बघून मागे घेतला, मग तरीही तिच्या डोक्यावर ठेवला. ओढणीवर काळी बोटं उठली. त्या दोघांना आता तिसरं कोणी तिथे आहे याचं भान नव्हतं. ताम्हनकर खुर्चीतून उठले. माफ करा हे शब्द ते शारजापासून घोकत आले होते. त्यांनी ते म्हटले, पण कोणी ऐकले नाहीत.

काही वेळाने याकूब पिकअपकडे गेला. शेवटचं चाक राहिलं होतं. त्याने ते उचलून बसवलं, नट चढवले, पान्याने आवळले. एकेका नटाला अंगठा लावत गेला. जहांआरा सवयीने खुर्चीतून अर्धी उठली होती.

"पाच," याकूब स्वतःच म्हणाला, आणि त्याने जॅक खाली सोडला.

ती पुन्हा बसली. कागद तिने घडी करून आपल्या पिशवीत ठेवला. "हा इथे राहू दे, भाईजान," ती म्हणाली. पुढे कधी या, असं ती म्हणाली नाही. रस्त्यापर्यंत सोडायला कोणी आलं नाही. ताम्हनकर उन्हात टॅक्सीची वाट पाहत उभे राहिले. त्यांना हलकं वाटायला हवं होतं. मनातलं सांगून टाकलं की माणसाला हलकं वाटतं असं सगळे म्हणतात. त्यांना फक्त एकटं वाटलं.

घरी येऊन त्यांनी सुजीतला फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या वर्षीचा विजेता याकूब. उन्नीसचा किस्सा टाकू नकोस. चूक माझी.

सुजीत म्हणाला, "ओके, काका. मी चेंज करतो. ओरिजिनल शीट स्कॅन करून पाठवाल?"

"ती मी त्यांना दिली."

"ओह. बरं." सुजीत वाईट मुलगा नव्हता, तो शब्द शोधत होता. "आणि काका, राग मानू नका, पण बाकीच्या शर्यतींचे तुमचे आकडे मी घेतलेत ना, दगडू, सुनेत्रा वगैरे... ते पण आता एकदा कोणाकडून तरी क्रॉसचेक करायला हवेत. अजून कुठे राहिलं असेल तर?"

"नाही रे. बाकी सगळं बरोबर आहे," ताम्हनकर म्हणाले.

"हो, हो. तरीपण."

'न चुकणारी पेन्सिल' हे पान साइटवर आलं नाही. याकूबचं आलं. फोटोशिवाय, नुसतं नाव, गाडी, सात नंबर, प्रथम.

आठवड्याने कार्गोवाला आला. त्याचा टेम्पो खाली उभा होता, तो घाईत होता. खोकी दाराशी रचलेली होती, प्रत्येकावर ताम्हनकरांच्या सुबक अक्षरात पुण्याचा पत्ता. त्याने वही उघडली.

"टोटल कितना, अंकल?"

"अकरा," ताम्हनकर म्हणाले.

तो लिहू लागला. "पक्का ना?"

ताम्हनकरांनी खोक्यांकडे पाहिलं. भिंतीकडून एकेकाला बोट लावत मोजलं. अकरा. मग दाराकडून मोजलं. अकराच. पुस्तकांच्या खोक्यामागे एखादं राहिलं नसेल? त्यांनी वाकून पाहिलं, पुन्हा सुरुवातीला आले, आणि पाचव्यापाशी आकडा हातातून निसटला.

"यल्ला, अंकल, जल्दी," कार्गोवाला म्हणाला.

"एक मिनिट," ताम्हनकर म्हणाले, आणि मान वळवून त्यांनी आतल्या खोलीकडे पाहत विचारलं, "किती?"

आत कोणीच नव्हतं.